विसार अक्षय्य तृतीयेला दे

सातारा,
रविवार

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले. उत्तर लिहायला घेतलं की हात थांबायचा. तू एवढ्या आनंदात होतास आणि मला जे लिहायचं होतं ते कण्हेर धरणाच्या काठी प्लॉट घेऊन घर बांधायच्या तुझ्या बेताच्या आड येणारं. पण परवा वहिनी फोनवर म्हणाल्या की दसऱ्याला विसार द्यायचं ठरलंय, आणि मग राहवेना. इकडे सगळे बरे. आईचे गुडघे तसेच, माझी साखर आटोक्यात.

विसार देऊ नकोस. निदान दसऱ्याला तरी नको.

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. कण्हेरचं पाणी थेट हिरवळीला टेकलंय आणि मागे डोंगर. कुणालाही भुरळ पडेल. पण पाण्याच्या कडेला, उजव्या कोपऱ्यात, ज्वारीची धसकटं डोकं वर काढून उभी आहेत बघ. म्हणजे उन्हाळ्याकडे पाणी हटलं की तिथे पेरा होतो. ती गाळपेर जमीन आहे. पाटबंधारे खात्याची, वर्षापुरती कसायला दिलेली. एजंट 'पाण्याला लागून' म्हणतो तो पट्टा तुझा कधीच होणार नाही. संपादनाची हद्द पूर्ण संचय पातळीच्याही, म्हणजे धरण काठोकाठ भरल्यावर पाणी येतं त्याच्याही वर असते आणि तिथे खात्याचे दगड रोवलेले असतात. ते दगड त्याला दाखवायला लाव. दाखवत नसेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून घे, खर्च विसारातून वळता कर म्हणावं.

आता हिशेब सांगतो, कारण माझी खरी काळजी इथे आहे. भरलेल्या धरणाचं पाणी सिंचनाला सोडत सोडत मे अखेरीस पार खाली जातं. समज, पातळी 12 मीटर उतरली. काठाचा उतार 20 मीटरला 1 मीटर असेल, तर पाणी 240 मीटर लांब जाईल. उतार 4 मीटरला 1 असेल तर फक्त 48 मीटर. तुझ्या फोटोतला काठ पहिल्या जातीचा आहे. मे महिन्यात, म्हणजे पोरांना सुट्टी असते नेमकी तेव्हा, तुझ्या ओट्यासमोर पाव किलोमीटर भेगाळलेला गाळ असेल. वरून वाळलेला, आत गुडघाभर मऊ. मोठा माणूस रुततो तिथे, पोरांची काय कथा! पाण्यापाशी जायला वाट नाही, गळ टाकायला जागा नाही.

म्हणून म्हणतो, मुहूर्तच हवा असेल तर अक्षय्य तृतीयेचा धर. तोही साडेतीनातलाच आणि येतो बरोबर पाणी ओसरलेलं असताना. त्या दिवशी काठावर उभा राहा आणि जे दिसेल त्याचे पैसे दे. तोवर गूगल अर्थवर त्याच काठाची मागच्या पाच-सहा वर्षांची एप्रिल-मेची चित्रं काढून बघ. गावातल्या बायकांना विचार, मे महिन्यात जनावरं पाण्यावर कुठे नेता. त्यांच्याएवढं खरं कुणी सांगणार नाही.

शोधायची ती सोंड शोध. डोंगराची धार पाण्यात उतरते ना, तशी मुरमाड सोंड. एका अंगाला उतार तीव्र असतो, तिथे पाणी काठाजवळच खोल राहतं. ते गळासाठी. दुसऱ्या अंगाला सावकाश उतार, पाय न रुतणारा, तो पोरांसाठी. पार टोकावर घर नको, वारा झोडपतो. मागे सरकून, पाठ पश्चिमेला करून बांध. पावसाची झड तिकडूनच येते. पाया मुरूम लागेपर्यंत खोल. काळ्या मातीवर ठेवलास तर तिसऱ्या उन्हाळ्यात भिंतीला तिरक्या भेगा पडतील, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते.

चांदोलीवरून आपण किती भांडलो! तुला सांगलीहून ते जवळ, हे मान्य. पण वसंतसागर, म्हणजे चांदोलीचा जलाशय, राष्ट्रीय उद्यानात आहे, त्या काठावर घर आणि गळ दोन्ही विसर. कोयनेच्या पाण्यासारखं पाणी नाही, हेही मान्य, पण पश्चिमेचा काठ अभयारण्याचा, आणि बामणोली-तापोळ्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. 2021 च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या ते आठव. उताराखालचा प्लॉट कितीही स्वस्त मिळाला तरी नको. धोम, कण्हेर, उरमोडी या तिन्हींतलंच बघ. धोमला वाई हाकेवर, घरच्यांना ते बरं. मला विचारशील तर उरमोडी. साताऱ्यापासून अर्ध्या तासावर, रात्री कुणाला ताप आला तर दवाखाना गाठता येतो.

मासेमारीचं एजंट काही बोलला नसेल. जलाशयाचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. घर काठावर म्हणून मासे आपले होत नाहीत. आधी संस्थेत जाऊन गळाला परवानगी आहे का, पावती किती, हे विचार. आणि पावसाच्या तोंडाला चढणीचे मासे धरायचे नाहीत, अंड्यावर असतात. कटला-रोहूला कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून घे, चिलापी काय, कशालाही येते. वाम गांडुळावर येत नाही हे तुझं म्हणणं अजून तसंच आहे का? येते रे. रात्री, तळाला, दगडांच्या सांदीत टाक. बंड्या साक्षीला आहे.

कागदाचं उरलं. प्लॉट 11 गुंठ्यांचा म्हणतोस. जिरायतीला तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र 20 गुंठे आहे, म्हणजे त्याहून लहान तुकडा वेगळा विकता येत नाही. 'नोटरी करून देतो, सामाईक सातबाऱ्यावर नाव लावतो' म्हणाला तर उठून ये. नियमात सवलत आली म्हणाला तर ती याच गटाला लागू आहे का, हे दुय्यम निबंधकाकडे स्वतः विचार. तुझ्या नावावर शेती आहे, तेव्हा शेतकरी असण्याचा प्रश्न नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 असेल किंवा इतर हक्कात पुनर्वसनाचा शेरा असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही, आणि धरणाच्या परिसरात असे गट बरेच. मालकीचा 30 वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घे. जावळीतली निम्मी घरं मुंबईत, त्यामुळे हिस्सेदार पांगलेले. बहिणींच्या सह्या राहिल्या की दहा वर्षांनी दावा उभा राहतो. रस्ता गावनकाशावर आहे की नुसती वहिवाट, तेही बघ. शेजाऱ्याने बांध घातला की गाडी हमरस्त्यावरच राहील.

वहिनी हसत होत्या, म्हणाल्या घर झालं की हे मासा मिळाल्याशिवाय जेवायला येणार नाहीत. मी म्हटलं, मग डबा तुम्हीच काठावर पोचवा.

चिंगीचा निकाल चांगला लागला, ऐकून बरं वाटलं. तुझी बदली रद्द झाली का? दुकानाच्या भाड्याचं काय झालं? नानांना नमस्कार सांग.

गट नंबर आणि गावाचं नाव कळव. पुढच्या शनिवारी मी स्वतः जाऊन दगड कुठे आहेत ते बघून येतो. तोवर एक रुपयाही देऊ नकोस.

तुझा,
दिन्या