लाल पेटीतला वारिओ

पुणे,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "अजून ते मारिओ खेळतोस का रे?" आणि तेवढ्यात तुझी रेंज गेली. उत्तर फोनवर मावणारं नव्हतंच, म्हणून आज कागद घेऊन बसलोय.

मारिओ नाही, वारिओ. आपण भाड्यानं आणायचो त्या टीव्ही गेममध्ये तो नव्हता. १९९२ साली निन्टेंडो या जपानी कंपनीच्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावरच्या 'सुपर मारिओ लँड २' मध्ये तो खलनायक म्हणून आला. आडवा बांधा, टोकदार मिशा, पैशाचा हावरा. १९९४ मध्ये त्याला स्वतःचा 'वारिओ लँड' मिळाला. मी सध्या खेळतोय तो त्यानंतरचा, 'व्हर्च्युअल बॉय वारिओ लँड'. फार थोड्यांनी पाहिलेला, कारण तो व्हर्च्युअल बॉय नावाच्या निन्टेंडोच्याच एका बुडत्या यंत्रावर निघाला.

ते यंत्र आधी समजून घे. जत्रेत डोळे लावून बघायची पेटी असायची ना, तसं. टेबलावर दोन पायांच्या स्टँडवर उभं करायचं आणि आत डोळे घालायचे. प्रत्येक डोळ्यासाठी २२४ लाल एलईडींची एकच उभी ओळ, समोर वेगानं थरथरणारा आरसा. तो आरसा एका ओळीच्या ३८४ ओळी करून दाखवतो. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि चित्राला खोली येते, म्हणजे काही गोष्टी जवळ, काही लांब दिसतात. लाल एलईडी स्वस्त आणि वीज कमी खाणारे, निळे तेव्हा फार महाग. त्यामुळे काळ्यावर लाल, बाकी रंगच नाही. ही कल्पना निन्टेंडोत पुढे नेली गुनपेई योकोई यांनी. गेम बॉय त्यांचाच. ज्या अधिकच्या चिन्हाच्या बटणावर आपण अंगठे लाल करून घेतले, तेही त्यांचंच.

वारिओचा हा खेळ योकोईंच्याच विभागात घडला. आधी त्याचं नाव 'वारिओ क्रूझ' ठेवलं होतं. गोष्ट साधी आहे. वारिओ आवाझॉन नदीच्या खोऱ्यात सुटीवर जातो, धबधब्यामागे खजिना बघतो आणि लोभापायी जमिनीखाली अडकतो. प्रत्येक टप्प्यात किल्ली शोधायची आणि लिफ्ट गाठायची.

पण सुन्या, चित्रातल्या त्या खोलीचा वापर बघ! एका ठरावीक ठोकळ्यावरून उडी मारली की वारिओ थेट मागच्या दृश्यात जाऊन पडतो, एवढासा होतो, आणि तिथेही तू त्यालाच चालवत असतोस. मघाशी जी नुसती मागची भिंत वाटली होती, तिथे वाट असते, नाणी असतात. काटेरी गोळा मागून झुलत येतो आणि तोंडावर आदळतोय असं वाटतं. मी खरोखर मान मागे घेतली. आज उद्या खेळू म्हणून सोडून द्यावा असा एकही टप्पा नाही. मरायला टेकलेल्या यंत्रासाठी कोणी एवढं मन लावून काम करतं, याचं मला राहून राहून अप्रूप वाटतं.

तो आला कधी ते ऐक. यंत्र जपानात जुलै १९९५ मध्ये निघालं, अमेरिकेत ऑगस्टमध्ये. हा खेळ अमेरिकेत २७ नोव्हेंबरला आणि जपानात १ डिसेंबरला. त्याच महिन्यात जपानात व्हर्च्युअल बॉयचे शेवटचे खेळ निघाले आणि दुकान आवरलं. डोळे दुखतात, डोकं धरतं, मान अवघडते अशा तक्रारी होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. सगळे मिळून खेळ २२ आणि यंत्रं खपली साधारण ७ लाख ७० हजार. गेम बॉयचा आकडा जवळपास १२ कोटी! जाणकारांनी या वारिओला त्या यंत्रावरचा सर्वांत चांगला खेळ म्हटलं, पण यंत्रच घरी नाही तर खेळणार कोण? दोन-तीन तासांत संपतो ही तक्रार मात्र मलाही मान्य आहे.

योकोईंनी १९९६ मध्ये निन्टेंडो सोडली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले, ५६ व्या वर्षी. ते वाचलं त्या रात्री मी खेळ तसाच थांबवून बराच वेळ बसून होतो.

आपल्याकडे हे यंत्र कधी आलंच नाही. मी कॉम्प्युटरवर एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) लावून, लाल-निळ्या काचांचा पुठ्ठ्याचा चष्मा घालून खेळतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये निन्टेंडोनं जाहीर केलं की व्हर्च्युअल बॉयचे खेळ त्यांच्या स्विच या नव्या यंत्रावर आणणार, तेही तशाच स्टँडसकट. तीस वर्षांनी! मला इतका आनंद झाला की तुला रात्री साडेबाराला मेसेज केला होता, तो तू बहुतेक वाचलाच नाहीस.

दिवाळीत येशील ना? चष्मे दोन आहेत. शेवटच्या राक्षसाशी मी अजून भिडलो नाही, तुझ्यासाठी ठेवलाय. काकूंना नमस्कार सांग, वहिनींना आणि पोरांनाही आठवण दे.

तुझा,
मन्या