अर्क कशाचा, ते छापा

औषधी अळंब्यांतील दाहशामक, म्हणजे शरीरातील सूज-जळजळ कमी करणाऱ्या, संयुगांवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. माहिती चांगली आहे. पण प्रयोगशाळेत वेगळे केलेले संयुग आणि बाजारातली अळंबीची पूड यांतला फरक त्यात पुसला गेला आहे. कॉर्डिसेपिनचेच घ्या. 'कॉर्डिसेप्स मिलिटारिस' या बुरशीपासून मिळालेल्या या रेणूची नोंद १९५०ची. काचेच्या बशीतील पेशींमध्ये तो दाहाचे संदेश दाबतो, हे खरे. मात्र रक्तात अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज हे विकर (एन्झाइम) त्याचे झपाट्याने विघटन करते. गॅनोडर्मा या औषधी अळंबीची तऱ्हा तर आणखी निराळी. त्यातील ट्रायटर्पिनॉइड नावाची संयुगे पाण्यात फारशी उतरत नाहीत, त्यांना अल्कोहोल लागते. गरम पाण्यात उतरतात ती मुख्यतः बीटा-ग्लुकान ही शर्करेच्या लांब साखळ्यांची संयुगे, आणि ती प्रतिकारशक्तीच्या पेशींना उलट चेतवू शकतात. म्हणजे एकाच अळंबीचा काढा आणि अर्क या दोन वेगळ्या वस्तू झाल्या. मग वेष्टनावर नुसते 'दाहशामक' छापून कसे चालेल? कोणता घटक, किती मिलिग्रॅम आणि कशात काढलेला, एवढे छापणे तरी बंधनकारक हवे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा डबीला हात लावू नये.