फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्या भाऊंनो, आभार

विदर्भातल्या फाट्याफाट्यांवर टिनाच्या शेडखाली दुचाकीचा फुटलेला सायलेन्सर नवा न विकता जुनाच नीट करून देणाऱ्या सगळ्या भाऊंचे मनापासून आभार.

पावसाळ्यात काळी माती सायलेन्सरच्या पोटाला चिकटते, आत धुरातलं पाणी साचतं, पत्रा खालून सडतो. तुम्ही नुसतं भोकावर रॉड फिरवत नाही. खणखणीत पत्रा लागेपर्यंत सडका भाग कापता, गंज घासता, 16 गेजचं (साधारण 1.6 मिमी जाड पत्र्याचं) ठिगळ चारही बाजूंनी अर्धा इंच जास्त घेता. जस्ताचा पत्रा घेत नाही. त्याचा पांढरा धूर छातीत बसतो. सायलेन्सर गाडीवरच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडता. मग 2.5 मिमीचा रॉड, करंट कमी, आधी टाके, नंतर इंच-इंच, थांबून थांबून. सलग ओढलं की पातळ पत्रा जळून नवं भोक पडतं, हे तुमच्या हाताला पाठ आहे.

पाणी निथळायचं खालचं बारीक भोक बुजवत नाही, यासाठी तर वेगळे आभार! इंजिनाकडच्या जोडातली चकती, म्हणजे गॅस्केट, नवी टाकता, दोन्ही नट आळीपाळीने आवळता. नाहीतर तिथूनच फटफट सुरू होते. आणि आतली जाळी काढून आवाज वाढवून मागणाऱ्या पोरांना तसंच परत पाठवता, त्याबद्दलही.