मंत्रीसाहेब, बांधावरची माती पण एकदा तपासा

मा. कृषिमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार,

मी निफाड तालुक्यातला शेतकरी. दोन एकर द्राक्षबाग, तीन एकर कांदा-मका आणि मधून जाणारा आजोबांच्या काळचा एक रुंद बांध, ज्यावर बोरी आहेत, करंज आहे आणि भरपूर गवत आहे. विषय सेंद्रिय कर्बाचा आहे, म्हणजे कुजलेल्या पाल्या-मुळ्यांतनं मातीत राहणाऱ्या कार्बनचा.

सॉईल हेल्थ कार्डची योजना 2015 ला आली, चांगलीच गोष्ट झाली, मातीतल्या 12 गोष्टी तपासून मिळतात. माझ्या कार्डावर सेंद्रिय कर्बापुढं 'कमी' आलं, म्हणजे 0.5 टक्क्याच्या खाली. पण साहेब बागायती भागात अडीच हेक्टरला एक नमुना असा हिशोब आहे, अडीच हेक्टर म्हणजे सहा एकर, त्यात माझी बाग, कांद्याचं रान, मका सगळं एकाच पिशवीत गेलं. मग कमी नेमकं कुठं आहे आणि कशामुळं आहे हे मला कोण सांगणार?

म्हणून मी घरीच एक गोष्ट करून बघितली. कांद्याच्या रानातलं एक आणि बांधावरच्या गवताखालचं एक, अशी सुपारीएवढी दोन वाळलेली ढेकळं घेतली आणि पाण्याच्या दोन ग्लासात सोडली. कांद्याचं ढेकूळ बुडबुडे सोडत फुगलं आणि बघता बघता तळाला नुसता गाळ, पाणी पार गढूळ. बांधावरचं ढेकूळ तसंच बसून राहिलं, त्यातनं बारीक मुळ्या केसासारख्या बाहेर आलेल्या आणि वरचं पाणी नितळ. दोन्ही जागांत अंतर पाच पावलांचं, माती तीच काळी, पाऊस तोच, फरक एवढाच की कुठल्या जागेवर काय उभं असतं आणि तिथं आपण काय करतो.

बांधावर नांगर फिरत नाही. गवताच्या मुळ्या दरवर्षी जमिनीतल्या जमिनीत मरतात, कुजतात, त्यावर जगणारे जिवाणू आणि बुरशी जो चिकटा सोडतात त्यानं मातीचे कण एकमेकांना धरून बारीक गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्यांच्या आत कर्ब सांभाळला जातो. रानात आम्ही रोटाव्हेटर मारतो, त्या गुठळ्या फुटतात, आतल्या कर्बाला हवा लागते आणि कांदा निघाल्यावर मेच्या चाळीस डिग्रीच्या उन्हात उघडं रान तापत पडतं. कांद्याची मुळी आखूड, पीक अख्खं उपटूनच काढायचं, मका जनावरांच्या मुरघासाला जातो, जमिनीला परत काय मिळालं? काहीच नाही.

लोक म्हणतात शेणखत टाका. टाकतोच की. पण हिशोब बघा, एक एकराच्या वरच्या 15 सेंटीमीटर मातीचं वजन साधारण 900 टन भरतं, त्यात कर्ब 0.1 टक्क्यानं वाढवायचा तर 900 किलो शुद्ध कर्ब टिकला पाहिजे, आणि खतातला बराचसा कर्ब कुजताना हवेत उडून जातो. हिरवळीचं खत म्हणून ताग-धैंचा गाडला तर नत्र मिळतं, माती भुसभुशीत होते, पण कोवळा पाला लवकर कुजतो, टिकाऊ कर्ब त्यातनं फार बनत नाही. त्यामुळं दोन ट्रॉल्या टाकून कार्डावरचा आकडा हलत नाही, रान कसं वापरतो तेच बदलावं लागतं.

आणि आमच्याकडं टिकाऊ माल आहे साहेब, तोच आम्ही जाळतो. एप्रिल छाटणीला बागेतनं काड्यांचे ढीगच्या ढीग निघतात, बांधावर नेऊन पेटवायच्या, मी पण वर्षानुवर्षं पेटवल्या, आता वाईट वाटतं. बारीक करून ओळीतच टाकल्या तर झाकण पण होतं आणि हळूहळू कर्ब पण (नत्र जरा जास्त द्यावं लागतं, नाहीतर कुजताना जिवाणू जमिनीतलंच ओढून घेतात आणि पानं पिवळी पडतात). श्रेडर एकट्याला परवडत नाही, गावच्या औजारे बँकेत (जिथं औजारं भाड्यानं मिळतात) एक असला तरी भागेल.

आमच्याच जिल्ह्यातल्या डोंगराळ पेठ-सुरगाण्याची गोष्ट वेगळी, तिथं पाऊस मोप आणि उतार. जंगलाखाली पाचोळ्याचा थर असतो, तेच रान उघडं होऊन नागली-वरई लागली की पहिल्या काही पावसातच वरची माती खाली चालली. यात तिथल्या लोकांना दोष देऊ नका, पोटाला लागतं. उताराला आडवे गवताचे पट्टे ठेवायला मदत करा.

माती जाते कुठं ते पण बघा. आमच्या तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर धरण गाळानं भरत आलंय, त्यातनं पाणथळ झाली, पक्षी आले, 2020 ला रामसर दर्जा (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींचा) जाहीर झाला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण तो गाळ म्हणजे वरच्या रानांची सगळ्यात चांगली माती. 2017 पासून सरकार 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' मध्ये पैसा घालून धरणांतला गाळ शेतात आणतंय आणि दुसरीकडं गावोगाव जेसीबी लावून बांध कोरले जातायत, गायरानं 'पडीक' म्हणून दुसऱ्या कामाला दिली जातायत. जे गवत माती फुकटात धरून ठेवतं त्याला कागदावर किंमतच नाही.

माझं मागणं मोठं नाही. कार्डावर एक रकाना वाढवा, गेल्या पाच वर्षात या जागेवर काय उभं होतं. बाग, कांदा, गवत यांचे नमुने वेगवेगळे घ्या. आणि प्रत्येक गावातनं एक नमुना जुन्या बांधाचा किंवा गायरानाचा घ्या, म्हणजे आपल्याच मातीतला कर्ब किती चढू शकतो हे गावाला आकड्यात दिसेल.

मेमध्ये कांदा निघाला की माझं रान मोकळं असतं. माणूस पाठवाल तेव्हा त्याला दोन पिशव्या आणायला सांगा, बांधावर खणायला कुदळ घेऊन मी थांबतो.

आपला,
निफाड तालुक्यातला एक शेतकरी