वेल्सएवढे म्हणजे नेमके केवढे?

महोदय,
जंगल जळाले वा हिमनग तुटला, की ब्रिटिश वृत्तपत्रे तो 'वेल्सएवढा' असल्याचे सांगतात. तिथल्या वाचकाला वेल्स ठाऊक असते. मात्र तीच बातमी मराठीत जशीच्या तशी उतरते, तेव्हा वाशीच्या फलाटावर पेपर उघडणाऱ्या माझ्यासारख्याला त्यातून काहीही उमगत नाही. वेल्सचे क्षेत्रफळ सुमारे २०,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे पालघर वेगळा झाल्यानंतरच्या ठाणे जिल्ह्याच्या जवळजवळ पाचपट, असे लिहिले असते तर चित्र लगेच उभे राहिले असते.

'फुटबॉलची मैदाने' हे माप तर आणखी फसवे, कारण अमेरिकी बातमीतले मैदान तिथल्या वेगळ्या फुटबॉलचे आणि आपल्या ओळखीच्या मैदानापेक्षा लहान असते. (अनुवादकाला हे कोण सांगणार?)

पाण्याच्या बातम्यांतले असेच माप म्हणजे 'ऑलिम्पिक जलतरण तलाव'. तो ५० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद असतो; खोली २ मीटर धरली, तरी त्यात निदान २५ लाख लिटर पाणी मावते. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात येणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरच्या हिशेबाने ते अडीचशे टँकर होतात. आपल्या वार्ताहरांनी आधी मूळ आकडा द्यावा आणि तुलना करायचीच असेल, तर ती इथल्या मापाने करावी.

— एक वाचक, वाशी, नवी मुंबई