जनगणनेतली नावं पुसू नका, शंभर वर्षं जपा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून होणारी जनगणना पहिल्यांदाच मोबाइल अ‍ॅपवर होत आहे. १९३१ नंतर प्रथमच तिच्यात सगळ्यांची जात नोंदली जाणार असल्याने चर्चाही त्याच एका रकान्याभोवती फिरते आहे. विषय मोठा आहे, चर्चा व्हायलाच हवी. पण मोजणी उरकल्यावर त्या नावांचं काय करणार, हे कुणी विचारताना दिसत नाही. माझी मागणी एवढीच आहे : घरोघरची नावनिशीवार नोंद आकडे काढून झाल्यावर नष्ट करू नका. शंभर वर्षं कुलूपबंद ठेवा, कुणालाही दाखवू नका, आणि त्यानंतर राष्ट्रीय अभिलेखागारात लोकांसाठी खुली करा.

१९३१ च्या तक्त्यात घरातल्या प्रत्येक माणसाची एक ओळ होती. वय, लग्न झालं की नाही, धर्म, जात, धंदा, जन्म कुठला, मातृभाषा कोणती, लिहिता-वाचता येतं का. त्यावरून काढलेल्या आकड्यांचे जाडजूड खंड छापले गेले आणि ते आजही ग्रंथालयांत आहेत. ज्या कागदांवर नावं होती, ते मात्र काम झाल्यावर नष्ट करण्याचीच रीत होती. त्यामुळे रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईत किती माणसं आली, ते आपल्याला सांगता येतं. त्यातले आपले पणजोबा गिरणगावातल्या कुठल्या चाळीत, किती जणांच्या खोलीत राहत होते, ते कधीच कळणार नाही.

घराण्याची मुळं शोधणाऱ्यांना आपल्याकडे काय मिळतं? जमीन असेल तर फेरफार सापडतो. शाळेत घातलं असेल तर दाखलखारीज रजिस्टर असतं. कुणी त्र्यंबकेश्वरला जाऊन आलेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत नाव निघतं, आणि घराणं शिकलेलं, ऐपतदार असेल तर कुलवृत्तांत छापलेला असतो. २०२३ पासून न्या. शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली, तेव्हा गाव नमुना १४ आणि कोतवाल बुकासाठी (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या) लोक तहसील कचेऱ्यांत कसे हेलपाटे घालत होते, ते आपण पाहिलं. आरक्षणाचा वाद मी इथे काढत नाही. पण ज्यांच्याकडे जमीन नव्हती, शाळा नव्हती, त्यांच्या आज्या-पणज्यांचा माग कशात काढायचा? आणि बायकांचं काय? वंशावळीत पुरुषांची नावं सात-सात पिढ्या मागे जातात, त्यांच्या बायका कुठल्या गावच्या, कुणाच्या लेकी, याचा पत्ता नसतो. भूमिहीनांच्या, भटक्यांच्या, परित्यक्तांच्याही दारात जाऊन विचारपूस करणारं सरकारी काम जनगणना हे एकच आहे.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. १९९१ च्या जनगणनेत प्रगणक होते. आमच्या भागात तेव्हा कारखान्याचा हंगाम चालू होता, आणि ऊसतोड कामगारांच्या कोप्या माझ्याच गटात आल्या होत्या. एका कोपीत ओली बाळंतीण होती. पाचटावर गोधडी, बाहेर बैल बांधलेले, नवरा फडात. बाळाचं बारसं झालेलं नव्हतं. नियमाप्रमाणे मी त्याचं वय शून्य लिहिलं. आईने स्वतःचं नाव सासूकडे बघत हळूच सांगितलं आणि जन्म बीड जिल्ह्यातला म्हणाली. त्या बाळाची त्या वर्षी दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदावर नोंद झाली असेल, असं मला वाटत नाही.

ऑस्ट्रेलियातही आपल्यासारखीच तक्ते नष्ट करण्याची पद्धत होती. घराण्यांचा इतिहास शोधणाऱ्या लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २००१ च्या अर्जात एक प्रश्न आला : तुमची नावासह माहिती ९९ वर्षांनी खुली करायला तुमची संमती आहे का? निम्म्याहून अधिक लोकांनी हो म्हटलं. कॅनडात गुप्ततेच्या कारणावरून अडलेल्या नोंदी २००५ च्या कायद्याने ९२ वर्षांनंतर खुल्या होऊ लागल्या. अमेरिका ७२ वर्षं थांबते. इंग्लंडने १९२१ ची जनगणना २०२२ च्या जानेवारीत खुली केली. तिथले १९३१ चे कागद १९४२ मध्ये आगीत गेले, आणि त्याची हळहळ तिथे आजही व्यक्त होते.

गुप्ततेची भीती मला पूर्ण मान्य आहे. जनगणना कायदा, १९४८ च्या कलम १५ मुळे या नोंदी कुणाला पाहता येत नाहीत आणि खटल्यात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. या संरक्षणाला धक्का लागता कामा नये. धर्म आणि जात लिहिलेली यादी भलत्या हातात पडली तर काय होतं, ते जगाने पाहिलं आहे. नेदरलँड्समधली काटेकोर लोकसंख्या नोंदणी नाझींना ज्यू शोधायला उपयोगी पडली. आपल्याकडेही आसामात १९५१ च्या जनगणनेवरून केलेली नागरिक नोंदवही पुढे २०१९ च्या नागरिकांच्या यादीसाठी (एनआरसी) पुरावा म्हणून वापरली गेली. म्हणूनच मुदत शंभर वर्षांची हवी, आणि त्या मुदतीत पोलीस, न्यायालय, मंत्री, कुणालाही अपवाद नको. नोंदलेल्या माणसाला त्रास होण्याचा काळ तोवर सरलेला असतो.

कागद ठेवायला जागा नाही, ही सबब आता उरलेली नाही. उलट धोका वाढला आहे. कागद निदान माळ्यावर धूळ खात पडून राहतो, सर्व्हरवरची माहिती एका आदेशाने जाते, आणि गेल्याचं कुणाला कळतही नाही. २००१ आणि २०११ चे तक्ते स्कॅन केले होते, त्या प्रतिमा सुरक्षित आहेत का, हे जनगणना करणाऱ्या खात्याच्या प्रमुखांनी, म्हणजे महानिबंधकांनी, जाहीर करावं. मुदतीनंतर नोंदी खुल्या करायच्या तर कलम १५ मध्ये तशी तरतूद लागेल. ती संसदेचं काम आहे, आणि महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा खासदारांपैकी एकाने तरी हा प्रश्न सभागृहात मांडावा. फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची प्रत्यक्ष मोजणी सुरू होण्याआधी निर्णय झाला, तरच प्रगणकांना दारात उभं राहून लोकांना तसं स्पष्ट सांगता येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा