आळशी नेमकं कोणाला म्हणायचं?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत बायबलमधल्या मुंगीवरचा लेख वाचला, छान होता, पण शेवटी गरीब माणूस कष्ट करत नाही म्हणून गरीब राहतो असं जे लिहिलंय ते वाचून राहवलं नाही.

'अरे आळशा, मुंगीकडे जा' हे बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात आहे, कोणी मुकादम नसताना ती उन्हाळ्यात अन्न साठवते, मान्य. 24व्यात आळशाचं शेत आहे, काटे माजलेत, दगडी कुंपण ढासळलंय, आणि कारण काय तर अजून थोडी झोप, अजून थोडी डुलकी. कुंपण एका दिवसात पडत नाही हो, रोज जरा जरा दुर्लक्ष होत जातं. 26व्यात तर एकजण रस्त्यात सिंह आहे म्हणून बाहेरच पडत नाही, बिजागरीवर दार फिरावं तसा अंथरुणात कूस बदलत राहतो. हे वाचलं की मी आधी स्वतःला विचारतो, आजचं काम टाळायला मी कुठला सिंह उभा केलाय? ही वचनं मला तरी त्यासाठीच वाटतात, शेजाऱ्याला मारायला नाहीत.

कारण त्याच पुस्तकात, 13व्या अध्यायातलं 23वं वचन बघा, गरिबाच्या शेतात भरपूर पिकतं पण अन्यायामुळे ते हातचं जातं असं स्पष्ट म्हटलंय. आणि बायबलमधल्याच निर्गम या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात फारोने, म्हणजे इजिप्तच्या राजाने, गुलामांना विटांसाठी लागणारा पेंढा देणं बंद केलं, विटा मात्र तेवढ्याच पाहिजेत, त्यांच्यातलेच मुकादम तक्रार घेऊन गेले तर हा म्हणतो तुम्ही आळशी आहात, आळशी! म्हणजे हा शब्द जुलूम करणाऱ्याच्या तोंडीपण आहे, हे विसरून कसं चालेल.

येशूचा प्रेषित पौल याचं वाक्यही लोक अर्धंच सांगतात. काम करायची ज्याची 'इच्छा नाही' त्याने खाऊ नये असं तो लिहितो, ज्याला काम मिळत नाही किंवा जो आजारी आहे त्याच्याबद्दल ते नाहीच, आणि लिहिणारा स्वतः तंबू बनवून पोट भरत होता.

बायबलमधली विधवा रूथ सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच्या शेतात सांडलेली कणसं वेचायची. एवढं राबूनही घरात गरिबीच होती, आणि ती कणसं गरिबांसाठी सोडायची हा मालकाला नियमच होता. लेखकांनी पुढच्या वेळी मुंगीबरोबर तिच्याबद्दलही लिहावं ही मनापासून विनंती.

आपला एक नियमित वाचक